मुखपृष्ठावर इतके मथळे कशाला?

रेघोट्या: कुठलंही मासिक घ्या. वर भलंमोठं नाव, खाली आपल्याकडे रोखून बघणारा चेहरा आणि त्या चेहऱ्याच्या कानापासून कमरेपर्यंत चिकटवलेले सात-आठ मथळे. त्यातला एक '२१ झटपट उपाय' छापाचा असलाच पाहिजे. फोटोग्राफरनं एवढी मेहनत घ्यायची ती कशाला? माझ्या मते एक चित्र, एक ओळ, विषय संपला. अमेरिकेच्या 'टाइम' नियतकालिकानं ८ एप्रिल १९६६च्या अंकावर तर चित्रही ठेवलं नाही. काळ्यावर लाल अक्षरांत फक्त प्रश्न: देव मेला आहे का? आजही त्याचा दाखला देतात.

स्टॉलवाला_नाही: दाखला देतात, कारण तसं रोज करता येत नाही. रॅकवर अंक एकावर एक सरकवून ठेवतात. दिसते ती वरची नाहीतर डावीकडची पट्टी. म्हणून नाव वर आणि दमदार मथळे डाव्या कडेला. दोन सेकंदांत गिऱ्हाईक पुढे जातं. त्याला चेहरा आवडला नाही तर निदान एखादा मथळा तरी अडवेल!

रेघोट्या: आणि वर्गणीदाराचं काय? त्यानं पैसे आधीच भरलेत, त्याला कोण अडवतंय? काही मासिकं वर्गणीदारांसाठी जवळपास कोरं मुखपृष्ठ वेगळं छापतात. म्हणजे देखणं कुठलं, ते संपादकांनाही कळतं.

पिवळी_चौकट: दोघंही मथळ्यांवरच अडलात. मुखपृष्ठाच्या ठरलेल्या रूपाची खरी ताकद ओळखीत असते. 'टाइम'च्या मुखपृष्ठाभोवतीची लाल चौकट १९२७पासूनची. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतरच्या विशेष अंकाला ती काळी केली, आणि मथळा न वाचताच लोकांना कळलं. आधी सत्तरेक वर्षं लाल नसती, तर त्या काळ्याला कोणी विचारलं असतं? फोटोतलं डोकं मासिकाच्या नावावर चढवून अर्धी अक्षरं झाकायची चैनही ज्याचं नाव पाठ आहे त्यालाच परवडते. नव्या मासिकानं केलं तर वाचक विचारणार, हे कुठलं?

रेघोट्या: चौकटीला माझी ना नाहीच. गर्दीला आहे.

अंगठाछाप: रॅकचा मुद्दा आता किती दिवस ताणणार? मोबाइलवर मुखपृष्ठ नखाएवढं दिसतं. त्यात मथळ्यांच्या मुंग्या होतात.

स्टॉलवाला_नाही: मुंग्या होतात, मान्य. पण छापील अंक विकायचाय तोवर मथळे राहणार. फार तर आठाचे तीन करा, आणि ते '२१ उपाय' खुशाल उडवा.