मदत हवी आहे: खाऱ्या हवेत मुरलेल्या स्विफ्टच्या बॉडीला ट्रॅकसाठी रोल केज बसवावा का?

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट माहितीवर कुणाला सल्ला द्यायला लागू नये म्हणून सगळंच लिहितो.

गाडी २००६ ची मारुती स्विफ्ट, १.३ पेट्रोल, ८७ बीएचपी. वडिलांनी शोरूममधून नवी आणलेली. घर रत्नागिरीला, भाट्याच्या पुलापलीकडे. रात्री समुद्राची गाज घरात ऐकू येते, म्हणजे हवा कशी असेल ते सांगायला नको. गाडी इतकी वर्षं अंगणातल्या हापूसच्या झाडाखाली उभी. इंजिन ठणठणीत आहे, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं येतं, धूर नाही, तेल खात नाही. ही गाडी मला आता फक्त ट्रॅकसाठी करायची आहे, आणि आत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छप्पर तोलून धरणारा लोखंडी नळ्यांचा पिंजरा, बसवायचा आहे. आधी एक-दोन वर्षं ट्रॅक डे (शर्यत न लावता ट्रॅकवर गाडी पळवणं) आणि टाइम अटॅक (फेरीच्या वेळेची स्पर्धा), मग एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं लायसन्स काढून शर्यत.

गेल्या हिवाळ्यात हीच गाडी आहे तशी घेऊन कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गेलो होतो. ट्रॅक २.१ किलोमीटरचा, वळणं एकामागोमाग एक, त्यामुळे ब्रेकला गार व्हायला उसंत मिळत नाही. पाचव्या फेरीत ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल लोण्यात बोट रुतावं तसं खाली गेलं. पुन्हा दाबलं, थोडं लागलं, तोवर मी कडेच्या मातीत होतो. गाडीला ओरखडा नाही, मलाही काही झालं नाही, पण हात बराच वेळ थरथरत होते. कारण नंतर कळलं. ब्रेक ऑइल पाच वर्षं बदललं नव्हतं आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरलं की तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक नाही. आपल्याकडच्या दमट हवेत हे लवकर होणारच. आता दर ट्रॅकच्या आधी ताजं डॉट ४ आणि ट्रॅकचे पॅड, हे पक्कं केलंय. त्याबद्दल शंका नाही.

शंका पत्र्याची आहे.

वजन कमी करायला सीट, गालिचा काढायला घेतला. ड्रायव्हरच्या पायाखालचा नमदा पिळला तर पाणी निघालं. पाणी कुठून येतंय ते शोधत वायपरखालची जाळी उघडली. आत आंब्याची कुजलेली पानं आणि मोहोर ठासून भरलेला, निचऱ्याची भोकं बंद. दर पावसाळ्यात ते पाणी आत उतरत असणार. गाडीच्या जमिनीवरचं (तळाच्या पत्र्यावरचं) डांबराचं पॅड खरवडलं तर खाली तांबूस भुगा. गंज आहे की जांभ्याची माती, रंगावरून कळेना. बोटांवर चोळून पाहिलं, पापुद्रे निघाले. स्क्रूड्रायव्हर टेकवून जरासा जोर दिला तर तो आरपार गेला आणि खालून अंगणातला उजेड आला. दाराखालच्या सिलमध्येही हातोडीने ठोकलं की दोन ठिकाणी बद्द वाजतं. पुढचे स्ट्रट टॉवर (पुढचं सस्पेन्शन वर जिथे टेकतं त्या जागा) आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या जागा मात्र खणखणीत.

आमचे मेस्त्री म्हणाले, "अरे, ह्या पत्र्यात जीव नाय उरला. लांबी (पुट्टी) भरून देतो, रंग मारू, रस्त्याला चालेल." रस्त्याला चालेलही. पण मला तिथेच केजचे पाय टेकवायचे आहेत.

एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमांत केजच्या प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची प्लेट बॉडीला जोडायला सांगितलंय. मुख्य कमानीची (ड्रायव्हरच्या मागे उभी असते ती) नळी ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० ची आणि २ ची. इतकी मजबूत नळी गंजक्या पत्र्यावर उभी केली तर गाडी उलटल्यावर ती गाडीच्या तळातून खाली निघेल आणि छप्पर माझ्यापर्यंत येईल, अशी मला भीती आहे. कळीचा प्रश्न हाच: पत्रा इतका खाल्लेला असताना केज बसवावा का?

माझ्यासमोर दोन वाटा आहेत. एक, जमीन आणि सिल चांगल्या पत्र्यापर्यंत कापून, त्याच जाडीचा पत्रा मिग वेल्डिंगने लावायचा, आतून मेण फवारायचं आणि मग केज. दोन, घाटावर सांगली-सोलापूरकडची कोरड्या हवेतली बॉडी शोधून इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन तिच्यात घालायचं. दुसरी वाट शहाणपणाची वाटते, पण मग वडिलांच्या गाडीचं काय उरलं? हे लिहिताना मन लागत नाही, तरी विचारतो. ज्यांनी किनाऱ्यावरच्या गाडीची जमीन कापून केज बसवला असेल त्यांनी सांगावं: सिलच्या आतला न दिसणारा गंज कसा तपासलात? आणि पुढच्या दोन पावसाळ्यांनंतर जोड कसे राहिले?

केज लागला की गाडी रस्त्यावर आणणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार असा बदल चालतही नाही. ट्रेलरवरून आंबा घाट चढून कोल्हापूर, पुढे महामार्गाने, असा बेत आहे.

भर, दोन दिवसांनी: उत्तरांबद्दल मनापासून आभार. दोघांनी सुचवलं की भोकावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट करावा, हलका पडतो. आमच्याकडे नको वाटतं. खारं पाणी दोन धातूंमध्ये शिरलं की अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं, आणि रिव्हेटभोवती पांढरी पूड धरते. बोटींवर हे रोज पाहतो.

एकाने विचारलं, केज नको, नुसता चार पट्ट्यांचा हार्नेस का नाही? कारण हार्नेस माणसाला ताठ बांधून ठेवतो. छप्पर दबलं तर साध्या पट्ट्यात अंग बाजूला तरी झुकतं, हार्नेसमध्ये धड जागचं हलत नाही. म्हणून केज नाही तोवर कंपनीचा तीन बिंदूंचा पट्टाच ठेवणार.

काल उजवी सिल एका जागी कापून पाहिली. आतून खालचा चार बोटं रुंद पत्रा गेलाय, वरचा निळा रंग अजून कंपनीचाच आहे. फोटो खाली टाकतोय. घाटावर २००५ ते २०१० मधली अपघात न झालेली स्विफ्टची बॉडी कुणाच्या पाहण्यात असेल तर निरोप करा. मी पुढच्या शनिवारी कोल्हापूरला येतोय, तिथून पुढे जाऊन बघून येईन, स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी सोबत असेल.