कंबरदुखीला माइंडफुलनेसचा गट: उपचार की नुसती समजूत?

टाचणी: तीन महिन्यांच्या वर रेंगाळलेल्या कंबरदुखीला हल्ली एमबीएसआर सुचवतात, म्हणजे माइंडफुलनेसनं (आत्ता जे जाणवतंय ते बरंवाईट न ठरवता न्याहाळण्यानं) ताण कमी करायला शिकवणारा गट. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला कार्यक्रम. आठ आठवडे, दर आठवड्याला अडीच तास, मध्ये एक दिवस मौन, शिवाय घरी रोज पाऊण तास सराव. ज्याला वीस मिनिटं बसवत नाही त्याच्यासाठी हे?

कडेलोट: बसा म्हणतंय कोण? बॉडी स्कॅन, म्हणजे शरीराच्या एकेका भागावर क्रमानं लक्ष नेणं, आडवं पडून करतात. गुडघ्यांखाली लोड घ्यायचा, पाठीवर पडवत नसेल तर कुशीवर. नवशिके शिक्षक सरसकट मांडी घालायला लावतात, आणि तिथेच माणसं गळतात.

बाकी पुरावा आहे. २०१६ च्या अमेरिकेतल्या चाचणीत ३४२ रुग्ण होते. २६ आठवड्यांनी दैनंदिन हालचालीत ठळक सुधारणा एमबीएसआर गटात ६०.५ टक्क्यांना, नेहमीच्याच उपचारांवर ४४.१ टक्क्यांना.

टाचणी: त्याच चाचणीतल्या सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी मानसोपचार पद्धत) गटाचा आकडा का गाळलात? ५७.७ टक्के. म्हणजे ध्यानाचं विशेष काय? आठपैकी सहा सत्रंही जेमतेम निम्म्यांनी केली. वर 'दुखणं मनात आहे' हे ऐकून घ्यायचं.

कडेलोट: सीबीटीच्या बरोबरीनं चालतं, एवढंच म्हणणं आहे. आणि 'मनात आहे' म्हणणाऱ्याला विषय कळलेला नाही. काम असं: ठणका आहे की जळजळ की मुंग्या, कडा कुठे संपते, ते न्याहाळायचं, 'आता हे जन्मभराचं' हा विचार वेगळा ओळखायचा. 'कमी झालं का?' असं दर दोन मिनिटांनी तपासत बसलात की सराव फसला.

फिजिओच्या_नजरेतून: दोघांनीही पेसिंगचा, म्हणजे रोज ठरलेलं तेवढंच करून हळूहळू वाढवण्याचा, मुद्दा सोडला. बरं वाटलं त्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात, हे चक्र ध्यानानं तुटत नाही. आठवडाभर चालण्याची वेळ लिहा. सरासरी २० मिनिटं आली तर १५ पासून सुरुवात. दुखो न दुखो, तेवढंच. मग आठवड्याला एक-दीड मिनिट वाढ. जुना मानसिक आघात असलेल्यांना बॉडी स्कॅनमध्ये घाबरल्यासारखं होऊ शकतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, लक्ष तळपायांवर किंवा आवाजांवर न्यावं. लघवीवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद जाणं यापैकी काही असेल तर गटबिट नंतर, आधी तातडीनं रुग्णालय.

टाचणी: हे पटलं. मग जाहिरातीत 'आठ आठवड्यांत वेदनामुक्ती' छापणं तरी बंद करा.