हेअर ट्रान्सप्लांट: पहिल्या भेटीची फी द्यावी का?

प्रश्न:
वय २४. पुढचे केस मागे सरकताहेत. एक डॉक्टर पहिल्या भेटीचे पैसे घेतात, दुसरीकडे तीच भेट फुकट आहे. नुसतं बघायचे पैसे का द्यायचे?

उत्तर:
जरूर द्या. धाकट्या भावासोबत मी दोन्हीकडे गेलोय. फुकटच्या ठिकाणी डॉक्टर भेटलेच नाहीत. काउन्सेलरने फोटो काढले, किती ग्राफ्ट्स (लावायचे केसांच्या मुळांचे पुंजके) लागतील तो आकडा सांगितला आणि आजच बुकिंग केलं तर सवलत देतो म्हणाला. फी घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) डोक्याच्या मागच्या केसांची दाटी पाहिली, वडील-मामांच्या टकलाची चौकशी केली आणि स्पष्ट 'आत्ता नको' म्हणाल्या. डोक्याच्या मागून काढून पुढे लावलेलं मूळ मागे परत उगवत नाही, साठा मर्यादित असतो. विशीत पुढची रेघ भरली आणि तिच्या मागचे केस गळत राहिले, तर पुढे नुसता पट्टा उरतो. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड या केसगळतीवरच्या औषधांवर त्या बोलल्या, दुष्परिणामांसकट. असा सल्ला हे डॉक्टरांचं खरं काम आहे, त्याचे पैसे मिळायलाच हवेत!

दुसरं उत्तर:
फी ऑपरेशनच्या बिलातून वजा करत असतील तर?

पहिले उत्तरदाते:
मला ते पटत नाही. मग फी वसूल करायला माणूस ऑपरेशनकडेच ओढला जातो.

प्रश्नकर्ता:
डॉक्टर स्वतः तपासणार का, हे फोनवरच विचारतो.