मदत हवी आहे: जुलैत आईला घेऊन करिजिनी, कोणत्या घळीत उतरता येईल?

नमस्कार मंडळी,

आम्ही पर्थला राहतो. जुलैच्या सुट्टीत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच करिजिनी राष्ट्रीय उद्यानात आठवडाभर तंबू टाकून राहायचा बेत आहे. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेली माझी आई. आईचं वय ६८. गुडघे कुरकुरतात, पण जुन्नरकडच्या गावात विहिरीत पोहायला शिकलेली आहे; पाणी दिसलं की तिला काठावर बसवत नाही.

तिला वर कठड्यापाशी बसवून आम्ही तिघांनी डोहात डुंबायचं, हे मला मुळीच नको आहे. ऑक्सर लुकआउटवरून चार घळी एकत्र येताना दिसतात, ते ती बघेलच. पण एवढं १,४०० किलोमीटर जायचं तर अडीचशे कोटी वर्षांच्या त्या तांबड्या कातळाला तिचा हात लागावा, त्या पाण्यात तिने चार हात मारावेत, असं फार वाटतं.

लेकीला वीआनो घळीतला हँडरेल पूल आणि हॅनकॉक घळीतला स्पायडर वॉक (दोन्ही भिंतींना हातपाय टेकवत पार करायची अरुंद वाट) करायचाच आहे. दोन्ही वाटा पाचव्या श्रेणीच्या, म्हणजे फारच अवघड. सांदण दरी तिने आनंदाने केली होती. तेवढ्यावर तिला इथे न्यावं का? आणि जुलैत पाणी फार गार असतं म्हणतात, ते खरं का? गाडी भाड्याची आहे, कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी टॉम प्राइस गावात खाणीत नोकरीला आहे, करिजिनी इथून जवळच. काकूंना नक्की न्या, पण डेल्स घळीत. फोर्टेस्क्यू धबधब्यापर्यंत लोखंडी जिना आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण बसत-बसत उतरता येतं. तिथून थोडंसं चाललं की फर्न पूल. लाकडी फलाटावरून थेट पाण्यात उतरता येतं. इथले मूळ रहिवासी असलेल्या बंजिमा लोकांसाठी ती जागा पवित्र आहे, तेव्हा हळू आवाजात बोला आणि उड्या मारू नका. लेकीला हे आधीच समजावून सांगा.

उन्हं चांगली वर आल्यावरच पोहा. हॅनकॉक आणि वीआनो इतक्या अरुंद आहेत की तळाशी ऊन जेमतेम पोचतं. भिजलेलं मूल तासाभरात काकडून जातं. रात्री पारा कधीकधी शून्याच्या आसपास येतो, काकूंना जाड रजई हवीच. लेकीला स्पायडर वॉक करायचाच असेल तर वाटाड्याबरोबर पाठवा, काकूंच्या सोबतीला कोणीतरी वर थांबा.

आभाळ भरून आलं तर कोणत्याच घळीत उतरू नका. लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक येतो. २००४ मध्ये हॅनकॉकमध्ये अडकलेल्यांना सोडवायला गेलेला एक स्वयंसेवक अशाच पुरात गेला.

विटनूम या जुन्या खाणगावाकडे मात्र अजिबात फिरकू नका. निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण १९६६ मध्ये बंद झाली, पण धूळ अजून तिथेच आहे.

डेल्सला तंबूची जागा आजच आरक्षित करा, जुलैत मिळत नाही. पिण्याचं पाणी भरपूर न्या. फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. संध्याकाळनंतर गाडी चालवू नका, कांगारू आडवे येतात; आणि रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक) ५० मीटरहून लांब असू शकते, तिला मागे टाकायची घाई नको.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. फर्न पूल नक्की केला. लेक जरा रुसली आहे, पण वाटाड्याची चौकशी करते. एकच राहिलं: आईला ओल्या कातळावर कोणते बूट घालू?

प्रतिसाद

रबरी तळव्याचे, घट्ट लेसचे, भिजले तरी चालतील असे. चपला आणि सँडल नकोत. उतरताना तुम्ही तिच्या एक पायरी पुढे राहा.