रीडलाइन वगळण्यापेक्षा हेडर फायली बसवाव्यात

पोस्टग्रेस हा डेटाबेस सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल करताना कॉन्फिगर हे बांधणीपूर्वी यंत्र तपासणारे स्क्रिप्ट रीडलाइनपाशी (टंकलेल्या आज्ञा सुधारण्याची व परत आणण्याची सोय देणाऱ्या लायब्ररीपाशी) अडले, तर ती लायब्ररी वगळून पुढे जावे, असा सल्ला दिला जातो. सांगलीत आमच्या हळदीच्या अडतीच्या हिशेबासाठी मी नेमके तेच केले होते. बांधणी पुरी झाली, पण पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या आज्ञा देण्याच्या प्रोग्राममध्ये वरचा बाण दाबून मागची आज्ञा परत येईना, आणि लांबलचक क्वेरी पुन्हा पुन्हा टंकण्याचा जाच महिनाभर सोसला. वास्तविक रीडलाइन यंत्रावर बहुधा असतेच. नसतात त्या तिच्या हेडर फायली, म्हणजे कंपाइल करताना लागणाऱ्या घोषणांच्या फायली, ज्या डेबियन या लिनक्स प्रणालीवर नावाच्या शेवटी ‘डेव’ असलेल्या निराळ्या पॅकेजात मिळतात. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १६ पासून आयसीयूचेही (निरनिराळ्या भाषांतील मजकूर क्रमाने लावणाऱ्या लायब्ररीचेही) तसेच आहे: हेडर फायली नसल्या, की कॉन्फिगर तिच्यापाशीही अडते. एखादी लायब्ररी स्वतः कंपाइल करून बसवली असल्यास मात्र एलडीकॉन्फिग ही, नव्या लायब्ररीचा ठावठिकाणा प्रणालीला कळवणारी, आज्ञा चालवावी, अन्यथा मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधणीची पायरी, निर्विघ्न पार पडते आणि सर्व्हर सुरू करतानाच लायब्ररी सापडत नसल्याची तक्रार येते.