मुलगी आठवीत, मुलगा सहावीत: अभ्यासाव्यतिरिक्त काय करता येईल? नागपूरकरांनो, सल्ला द्या

मानेवाड्याची आई

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा आठवीत गेली, मुलगा सहावीत. दोघंही स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी, अनुदानित शाळा. शाळा चांगली आहे, सर-मॅडम मन लावून शिकवतात, पण विज्ञान मंडळ, वाचनकट्टा असं काही तिथे चालत नाही. गॅदरिंग आणि क्रीडा सप्ताह झाला की संपलं.

मुलीला प्रत्येक गोष्टीचं कारण पाहिजे असतं. सध्या तिच्या डोक्यात हे बसलं आहे की आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही आणि नळाच्या पाण्यात का येतो. मला माहीत होतं तेवढं सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही. मुलगा एका जागी बसत नाही, पण बुद्धिबळाचा पट मांडला की त्याला जेवणाचीही आठवण राहत नाही.

नागपुरात या वयाच्या मुलांना खरोखर काही शिकायला मिळेल असं काय आहे? दोघांचं मिळून महिन्याला दीड-दोन हजारांच्या वर आम्हाला झेपणार नाही. मुलीची ट्यूशन संध्याकाळी पाच ते सात असते, रविवार मोकळा आहे. आणि शाळेतून एका खासगी परीक्षेचा फॉर्म आला आहे. नावात 'ऑलिम्पियाड' आहे, पुस्तकांसकट फी बरीच होऊन राहिली. भरू का?

खडू-फळा

ताई, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण त्यात पैसे जातात.

नावात ऑलिम्पियाड असल्यानं ती परीक्षा ऑलिम्पियाड होत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला देशाचा संघ ज्यातून जातो, त्या निवडीचं काम मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी विज्ञानाची पहिली पायरी म्हणजे एनएसईजेएस. ही परीक्षा भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना आयएपीटी घेते, साधारण नोव्हेंबरमध्ये. गणिताची पहिली पायरी आयओक्यूएम, ती सप्टेंबरच्या आसपास. शाळांमध्ये फॉर्म येतात त्या बहुतेक खासगी परीक्षा या पायऱ्यांवर कुठेच नसतात. सराव म्हणून द्यायची तर द्या, पण घरखर्चातून ओढाताण करून देण्यासारखं त्यात काही नाही. मी तरी भरू नका म्हणेन.

तुमच्या मुलांसाठी वय अगदी जुळून आलं आहे अशी एक गोष्ट आहे: डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळानं १९८१ मध्ये सुरू केली आणि ती फक्त सहावी आणि नववीसाठी असते. म्हणजे मुलगा यंदा बसू शकतो, मुलगी पुढच्या वर्षी. मराठीतूनही देता येते. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत. मला ती आवडते ती प्रात्यक्षिकासाठी. पोरांच्या हातात परीक्षानळी, भिंग, मोजपात्र येतं. पाठांतरावर नव्वद टक्के आणणारी मुलं तिथे गडबडतात आणि घरी रेडिओ उघडून बसणारं पोरगं पुढे निघून जातं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न. त्यात एक आख्खा प्रकल्प दडलेला आहे, वाया जाऊ देऊ नका. धुण्याचा साधा साबण किसून पाण्यात विरघळवायचा. डिटर्जंट चालणार नाही, साबणच पाहिजे. एका परीक्षानळीत १० मिली नळाचं पाणी, दुसरीत तेवढंच बोअरचं. ड्रॉपरनं साबणाचं पाणी एकेक थेंब टाकायचं, अंगठा लावून हलवायचं आणि फेस टिकायला लागेपर्यंत थेंब मोजायचे. बोअरच्या पाण्याला जास्त थेंब लागतील, कारण त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी साबण खाऊन टाकतं आणि त्याचा पांढरा साका होतो. मग तेच बोअरचं पाणी उकळून, गार करून, गाळून पुन्हा मोजायला सांगा. थेंब कमी झाले तर तेवढा जडपणा उकळून जाणारा. उरला तो न जाणारा. मग मैत्रिणींकडून नंदनवनचं, हुडकेश्वरचं, महालच्या जुन्या विहिरीचं पाणी मागवा. प्रत्येक पाणी तीनदा मोजायचं, तारीख टाकून वहीत लिहायचं. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आकडे बदलतात का, हे बघण्यात तिचं वर्ष छान जाईल.

एवढं काम झालं की ते राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेसमध्ये मांडण्याजोगं होतं. ही १९९३ पासून चालते, १० ते १७ वयाच्या मुलांसाठी, आणि आपल्या भागातल्याच प्रश्नावर प्रकल्प करायचा असतो. शिवाय इन्स्पायर अवॉर्ड मानक ही सरकारी योजना आहे. त्यात शाळा पाच मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते आणि निवड झाली तर वस्तू तयार करायला मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात. पालकांना परस्पर फॉर्म भरता येत नाही, शाळेनंच नोंदणी करावी लागते. तेव्हा मुख्याध्यापकांना भेटा आणि सप्टेंबरची वाट बघू नका.

आणि रविवारी रमण विज्ञान केंद्रात जा, गांधीसागरसमोर. बहुतेक नागपूरकर मुलांना एकदा तारांगण दाखवून मोकळे होतात. मुलीला तिथे दोन-तीन तास एकटीला सोडा, एकेक मांडणी हातानं चालवून बघू द्या. हिवाळ्यात अपूर्व विज्ञान मेळावाही चुकवू नका. महापालिकेच्या शाळांमधली मुलं स्ट्रॉ, फुगे, बाटल्या, चुंबक अशा वस्तूंनी प्रयोग करून दाखवतात आणि समोरच्याला समजावून सांगतात. तुमची लेक तिथून घरी यायला तयार होणार नाही.

चौसष्ट घरं

सरांनी मुलीचं सगळं सांगितलं, मी मुलाचं सांगतो.

बुद्धिबळासाठी नागपूरसारखं गाव सध्या शोधून सापडणार नाही. रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये. आणि दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवलं, तेव्हा विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब एकदमच मिळाले. तिघंही आपल्याच गावचे. त्यामुळे इथे स्पर्धा सतत असतात आणि बरोबरीचा खेळाडू शोधायला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही.

क्लास लावायच्या आधी मात्र थोडं थांबा. पहिले काही महिने लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर खेळू द्या, ते पूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि कोडी भरपूर आहेत. पण अट घाला: आठवड्यात एक तरी डाव खऱ्या पटावर, सावकाश, आणि प्रत्येक चाल वहीत लिहून. हरलेला डाव संगणकाला दाखवायच्या आधी स्वतः परत मांडायचा आणि कुठे बिघडलं ते बोट ठेवून सांगायचं. माझ्या मुलीचं प्यादं कुठे फुकट गेलं हे ती स्वतः शोधायला लागली, तेव्हापासून तिचा खेळ बदलला. एवढं तो आनंदानं करत असेल तर क्लास लावा, आठवड्यातून दोन दिवसांचा पुरतो. क्लास बघताना एकच विचारा: मुलांचे स्वतःचे डाव तपासले जातात का? तिथे नुसतीच ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, पाठ करून घेत असतील तर दुसरा बघा.

शाळेच्या जिल्हास्तरीय स्पर्धेत बुद्धिबळ असतं. शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडे नाव आताच देऊन ठेवा. प्रवेशिका शाळेमार्फत जातात आणि तारीख गेली की कोणी ऐकत नाही.

पाणकावळा

फुकट आणि सगळ्या घराला जमेल असं काही पाहिजे असेल तर पक्षी बघा. हिवाळ्यात अंबाझरीला किंवा गोरेवाड्याला सकाळी साडेसहाला उभं राहायचं. थापट्या, तलवार बदक, वारकरी, नशीब असेल तर पट्टकादंब. दुर्बीण नसली तरी चालते. पहिले काही रविवार डोळे आणि वही पुरे.

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख वन्यजीव अभ्यासक आणि लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माची आणि १२ तारीख पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींच्या. चितमपल्लींचं कितीतरी आयुष्य विदर्भाच्या जंगलात गेलं, तेव्हा हा सप्ताह नागपूरच्या मुलांनी आपला म्हणून साजरा करावा असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते. कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचे. शाळेचं मैदान, गच्ची, कुठूनही. मुलाने गच्चीवरून मोजलेला तांबट शास्त्रज्ञांच्या नकाशावर जातो, याचं पोरांना फार अप्रूप असतं.

अकरावी सायन्स

काकू, मी आयओक्यूएम दोनदा दिली आहे म्हणून सांगतो. आठवीपासून देता येते. तीन तास, ३० प्रश्न, प्रत्येक उत्तर ० ते ९९ मधली एक संख्या, पर्याय दिलेले नसतात. शाळेत ९५ पडणाऱ्यांनाही पहिल्यांदा जड जाते, त्यामुळे तुमच्या मुलीला आधीच सांगून ठेवा की कमी मार्क पडले तरी घाबरायचं नाही.

तिला हे आवडेल का, हे पाहायचं असेल तर फॉर्म भरायच्या आधी एक प्रश्न द्या. सात जण एका खोलीत आहेत. प्रत्येकानं नेमक्या तिघांशी हस्तांदोलन केलं, असं होऊ शकतं का? उत्तर सांगू नका, दोन दिवस डोक्यात राहू द्या. (नाही होऊ शकत. सातांच्या तीन-तीन म्हणजे २१, पण प्रत्येक हस्तांदोलन दोघांच्या खात्यात मोजलं जातं, त्यामुळे बेरीज समच यायला हवी.) तिनं वैतागून सोडून दिलं तर सध्या विज्ञानाचं प्रोजेक्टच करू दे. जेवताना मध्येच "आई, सापडलं" म्हणाली तर होमी भाभा केंद्राच्या वेबसाइटवर जुने पेपर मोफत आहेत, ते प्रिंट काढून द्या.

तिसरी घंटा

नाटकाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा असते, नागपूरलाही तिचं केंद्र असतं. बघायला जा, तिकीट नाममात्र असतं. एकाच जागी ओळीनं कितीतरी शाळांची आणि संस्थांची नाटकं बघायला मिळतात, आणि कोणती संस्था मुलांना खरंच घडवते, कोणती नुसतं पाठ करून घेते, हे तुम्हालाच कळेल. मग त्यांच्याकडे चौकशी करा.

एका जागी न बसणाऱ्या मुलाला तालमीत फार बरं वाटतं, हे मी खात्रीनं सांगते. तालमीत त्याला उठ, पळ, ओरड, पड असंच सांगतात, पण आपली वेळ येईपर्यंत विंगेत गप्प उभंही राहावं लागतं.

चित्र काढत असतील तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट देऊन टाका, शाळेतूनच होतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला सवलतीचे गुण मिळतात.

मानेवाड्याची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तो फॉर्म भरणार नाही हे नक्की झालं. हस्तांदोलनाचा प्रश्न काल रात्री दिला. लेकीनं सात नावं लिहून रेघा ओढायला घेतल्या आहेत, मी काही बोलले नाही.

एक अडचण आहे. आज शाळेत विचारलं तर इन्स्पायरसाठी शाळेची नोंदणीच झालेली नाही म्हणाले. मॅडम चांगल्या आहेत, पण त्यांच्यावर कामाचा खूप भार आहे. जोर करून मागायला जीव होत नाही. काय करावं?

समितीतली काकू

जोर करू नका बाई, हात द्या. आमच्या शाळेत आम्ही असंच केलं.

पालक-शिक्षक संघाची पुढची सभा कधी ते विचारा आणि त्याआधी पाच-सहा पालक एकत्र या. नोंदणीचं काम संगणकावरचं आहे. एखादा पालक मॅडमशेजारी बसून टायपिंग करून देणार असेल तर कोणी नाही म्हणत नाही. लॉगिन मात्र शाळेचंच राहू द्या.

आणि विज्ञान मंडळ मागताना शनिवारचं नाव घ्या. पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम सरकारनं २०२४ मध्ये आणला आहे, त्यामुळे त्या दिवशी काहीतरी करायचंच असतं आणि शिक्षक कल्पना शोधतच असतात. तुम्ही "महिन्यातला एक शनिवार आम्ही पालक सांभाळतो" असं म्हटलं तर त्यांचा भार कमीच होतो. पहिल्या शनिवारी तुमच्या लेकीचा साबणाचाच प्रयोग ठेवा. पन्नास मुलांना पन्नास परीक्षानळ्या लागत नाहीत, औषधाच्या रिकाम्या पारदर्शक बाटल्या चालतात, धुऊन मात्र आणायच्या. प्रत्येकानं आपल्या घरचं पाणी आणायचं.

एक महत्त्वाचं राहिलं. मुलगी आठवीत आणि शाळा अनुदानित म्हणता, तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची चौकशी नक्की करा. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर बसता येतं आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यात बुद्धिमत्ता चाचणीचा वेगळा पेपर असतो, म्हणून तयारी दिवाळीपर्यंत लांबवू नका. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला वेळ लागतो, तो आताच करायला टाका.

खडू-फळा

समितीतल्या काकूंनी सांगितलं तसंच करा. पहिल्या शनिवारी यायला मी तयार आहे, सक्करदऱ्यालाच राहतो. ड्रॉपर आणि मोजपात्रं माझ्याकडे आहेत. साबण तुम्ही आदल्या रात्री किसून भिजत घाला, आणि मॅडमना म्हणावं, शाळेचं बोअर असेल तर त्याचंही पाणी एका बाटलीत भरून ठेवा.