उधारी बुडाली तर अडत्या भरणार का? बेदाण्याचा सौदा आणि कराराचा कायदा

बागायतदार_तासगाव
एक उदाहरण घेतो, आकडे समजुतीपुरते. शेतकऱ्याने २०० पेट्या बेदाणा अडत्यामार्फत (कमिशनवर माल विकून देणाऱ्यामार्फत) शीतगृहात ठेवला. पेटी १५ किलोची, म्हणजे माल ३ टन. अडत्याने २ लाखांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम दिली. पुढे सौद्यात किलोला १८० रुपयांनी माल गेला, ५ लाख ४० हजार झाले. बाहेरगावच्या खरेदीदाराने पेट्या भरून नेल्या आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. आता अडत्या म्हणतो, "मी मधला माणूस, तिकडून आले की देतो. पण माझी उचल तेवढी जमा करा."

माझं म्हणणं सरळ आहे, बुडालेले पैसे अडत्याने भरायचे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८२ ते २३८ मध्ये मालक आणि एजंट यांचं नातं लिहिलेलं आहे आणि अडत्या हा शेतकऱ्याचा एजंट आहे. कलम २११ म्हणतं, एजंटाने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागावं, सूचना नसेल तर त्या ठिकाणच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे. कायद्यात खाली दृष्टांतच दिलाय: दलालाने माल उधारीवर विकला, त्या वेळी खरेदीदाराची पत उत्तम होती, तरी पुढे त्याचं दिवाळं निघालं. नुकसान दलालाने भरायचं. यात अजून काय बोलायचं राहिलं?

मार्केटयार्ड_सांगली
राहिलं ते तुम्ही गाळलेलं अर्धं वाक्य. त्या दृष्टांतातला दलाल "ज्या धंद्यात उधारीवर विकण्याचा रिवाज नाही" अशा धंद्यातला आहे. बेदाण्यात रोखीचा रिवाज कधी होता? मुदतीवर माल जातो, दिवाळीच्या तोंडावर झिरो पेमेंटसाठी सौदे बंद ठेवून येणी-देणी मिटवतात, हे तासगाव-सांगलीत पोराटोरांना ठाऊक आहे. शेतकऱ्यालाही माहीत असतं, तरी तो माल आणतोच. म्हणजे २११ अडत्याच्याच बाजूने आहे.

शिवाय कलम २३० वाचा. एजंट मालकाच्या वतीने केलेल्या कराराला व्यक्तिशः बांधील नसतो. खरेदीदाराच्या पैशाची हमी घेणारा एजंट निराळा, त्याला 'डेल क्रेडेरे' म्हणतात आणि त्या जोखमीपोटी तो जादा कमिशन घेतो. साध्या अडतीत हमी फुकट हवी असेल तर तसं बोला.

राजवाडाचौक_वकील
रिवाजाचा मुद्दा बरोबर, २३० चा चूक. ते कलम एजंट आणि तिसरा माणूस यांच्यातलं आहे. शेतकरी हिशेब मागतो तेव्हा त्याचा उपयोग नाही, ते नातं २११ ते २१८ मध्ये येतं. उलट २३० अडत्याच्या गळ्यात येऊ शकतं. एजंटाने मालकाचं नाव उघड केलं नसेल तर तो स्वतः बांधील आहे असं गृहीत धरतात. बिल अडत्याच्या दुकानाचं, शेतकऱ्याचं नाव कुठेच नाही, असं असेल तर अशा सौद्यात खरेदीदार मालाच्या तक्रारीसाठी अडत्याला धरू शकतो. आणि अडत्याही स्वतःच्या नावाने खरेदीदारावर वसुलीचा दावा लावू शकतो. "तिकडून आले की देतो" हे अडत्याचं उत्तर म्हणूनच पटत नाही.

आता उधारी. रिवाज आहे म्हणून २११ मधून सुटलात तरी पुढच्याच कलमात अडकता. २१२ चा दृष्टांत असा: एजंटाला उधारीवर विकायचा अधिकार आहे, पण त्याने खरेदीदाराच्या ऐपतीची नेहमीची चौकशी केली नाही आणि खरेदीदार विक्रीच्या वेळीच दिवाळखोर होता. भरपाई एजंटाने द्यायची. म्हणून खरा प्रश्न "उधार का दिलं" हा नाहीच. सौद्याच्या दिवशी त्या खरेदीदाराकडे आधीची किती बाकी थकली होती आणि ती अडत्याला माहीत होती का, हा आहे. जुनी मुदत उलटून गेलेली, चेक परतलेला, तरी त्याच माणसाला आणखी ३ टन दिले असतील तर ती हलगर्जी. चौकशी चोख होती आणि माणूस नंतर बुडाला, तर मात्र मी अडत्याच्या बाजूने उभा राहीन. बागायतदार, तुमचं "भरायचंच" हे सरसकट टिकणार नाही.

हरिपूर_पेव
तुम्ही सगळे एक पायरी सोडून बोलताय. तो अडत्या एजंट आहे का, हे आधी ठरवा. हळदीत काय, बेदाण्यात काय, पाटी अडत्याची आणि व्यवहार मात्र स्वतःच खरेदीदार असल्यासारखा, असं चालतंच. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळालेला विक्रीचा हिशेब, समोर ठेवा. विक्रीचा दर, वजन, अडत, हमाली, तोलाई वेगवेगळी दाखवली आहे का, पुढचा खरेदीदार कोण ते कळतंय का? असेल तर एजंट. शेतकऱ्याला एक ठरीव भाव सांगून टाकला, पुढे कितीला विकला ते सांगितलंच नाही आणि वरचा नफा स्वतःकडे ठेवला, तर तो खरेदीदार झाला. मग १९३० चा माल विक्री कायदा लागतो. पुढचा बुडाला का तरला याच्याशी शेतकऱ्याला देणंघेणं नाही, अडत्याने किंमत द्यायची.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. अडत्या स्वतःच बोली लावतो, नाव मात्र भावाच्या किंवा मुनिमाच्या फर्मचं. कलम २१५ प्रमाणे मालकाची संमती न घेता, महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवून एजंटाने स्वतःशीच व्यवहार केला, किंवा तो मालकाच्या तोट्याचा ठरला, तर मालक तो सौदा नाकारू शकतो. २१६ प्रमाणे त्यातला फायदाही मागता येतो.

अडत कोणाकडून कापतात यावरून मात्र निकाल लावू नका. पैसे खरेदीदाराने दिले म्हणून दलाल आपोआप त्याचा होत नाही.

मार्केटयार्ड_सांगली
२१५ बद्दल वाद नाही. पण उचलीवर कोणी बोलत नाही. अडत्याचे २ लाख अडकलेत, भाव रोज उतरतोय आणि शेतकरी म्हणतो, "थांबा, विकू नका." २०२ च्या दृष्टांतात नेमकं हेच आहे: एकाने कापसाच्या १,००० गाठी एजंटाकडे पाठवल्या, एजंटाने त्या मालावर आगाऊ रक्कम दिली होती, माल विकून ती वळती करून घ्यायची होती. तो अधिकार मालकाला काढून घेता येत नाही. मालक वारला तरी तो संपत नाही! मग अडत्याने विकला तर बिघडलं कुठे?

राजवाडाचौक_वकील
क्रमात बिघडलं. आधी उचल ठरली आणि ती फेडायलाच माल अडत्याकडे आला, तर २०२ लागतं. माल नुसता विक्रीसाठी आला, शीतगृहात लागला आणि महिनाभराने लग्नासाठी म्हणून उचल दिली, तर तो अधिकार आपोआप कायमचा होत नाही. इंग्लंडमध्ये १८४८ साली स्मार्ट विरुद्ध सँडर्स खटल्यात हेच ठरलं. माल आधी, उचल नंतर, आणि मालकाने "विकू नका" सांगितल्यावर एजंटाला विकता आला नाही.

कलम २२१ चा आधार घ्याल तर तोही पुरत नाही. कमिशन, खर्च मिळेपर्यंत माल ताब्यात ठेवायचा हक्क ते देतं, विकायचा नाही. विकायचा हक्क हवा असेल तर उचल देतानाच गहाण लिहून घ्या. मग कलम १७६ प्रमाणे वाजवी मुदतीची नोटीस देऊन विकता येतं. एका कागदाचं काम आहे, पण पेढीवर ते कोणी करत नाही आणि मग दोघंही वकिलाकडे येतात.

आणि भाव पडणं ही कलम १८९ मधली आणीबाणी नाही. पत्रा उडाला, बेदाणा भिजून काळा पडायला लागला, शेतकरी फोनवर सापडत नाही, तेव्हा अडत्याने शहाण्या माणसासारखं विकून टाकावं. शीतगृहात शाबूत असलेल्या पेट्यांना ते लागू नाही.

बागायतदार_तासगाव
बरं, सरसकट भरायचं हे मागे घेतो. पण मग शेतकऱ्याने करायचं काय?

राजवाडाचौक_वकील
माल लावताना व्हॉट्सअॅपवर एवढंच टाका: "२०० पेट्या, शीतगृह पावती नंबर अमुक. १९० च्या खाली विकू नये. अमक्या दिवसांपेक्षा जास्त उधारी नको. दर आणि खरेदीदाराचं नाव त्याच दिवशी कळवावं." ही २११ मधली 'सूचना' झाली. ती असली की रिवाजाचा आधार संपतो. पैसे थकले तर कलम २१३ चा हवाला देऊन हिशेब लेखी मागा, तोंडी नको. दाव्याला ३ वर्षांची मुदत असते आणि हिशेब मागितल्याची व नाकारल्याची तारीख त्यात कामाला येते.

मार्केटयार्ड_सांगली
टाका की. पण १९० ची अट घातलेला माल चार सौदे फिरून परत शीतगृहात आला, तर ते भाडं, हमाली आणि सौद्यात नमुना दाखवताना कट्ट्यावर उधळलेला बेदाणा कोणाच्या खात्यावर?

हरिपूर_पेव
भाडं आणि हमाली शेतकऱ्याच्या, कलम २२२. एजंटाने अधिकारात राहून कायदेशीर कामासाठी केलेला खर्च मालकाने द्यायचा. उधळण त्यात बसत नाही. नमुना बघायला मूठभर बेदाणा पुरतो. पेटी फोडून जमिनीवर फेकायला शेतकऱ्याने सांगितलेलं नसतं, त्यामुळे ते वजन पट्टीतून कापू नका.